गिअर बॉक्सची घरघर

‘गिअर बॉक्स गेला’ हे वाक्य गॅरेजमध्ये जितक्या सहज बोलले जाते, तितक्या सहज ते घरी ऐकले जात नाही. ज्या घरात एकच गाडी आहे आणि तीही जुनी घेतलेली आहे, त्या घराचा दोन-तीन महिन्यांचा हिशेब या एका वाक्याने कोलमडतो. मुलांची शाळा, अम्मीची दवाखान्याची फेरी, नात्यातले लग्न, सगळेच अडते. आणि पुष्कळदा ते वाक्य खरेही नसते. ‘गिअर बॉक्समधून आवाज येतो’ म्हणून आमच्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत आवाज गिअर बॉक्सचा नसतोच. असला तरी सगळा गिअर बॉक्स खराब झालेला नसतो, त्यातले एखादे बेअरिंग गेलेले असते. बेअरिंगची किंमत शेकड्यांत आणि गिअर बॉक्सची हजारांत. मधला फरक गाडीवाल्याच्या खिशातून जातो.

आम्ही भाऊ-भाऊ मिळून मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूणच्या बाजूला गॅरेज चालवतो. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष कुवेत, कतार, दुबईला असतात. गाडी चालवतात त्या घरच्या बायका आणि कॉलेजात जाणारी मुले. गाडी घेऊन आलेल्या भाभींना ‘घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा’ असे सांगणारी गॅरेजेस आहेत, आणि सोबत पुरुष नाही हे पाहून बिल फुगवणारीही आहेत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी लिहीत आहोत. हातात पाना घ्यायची गरज नाही. आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, एवढे नीट सांगता आले की समोरच्या मिस्त्रीला भलते काही सांगणे अवघड जाते.

आत काय चालते

उसाच्या रसाचा चरक सगळ्यांनी पाहिलेला आहे. मोटर भराभर फिरते, तिचे छोटे दातेरी चाक मोठ्या चाकाला फिरवते, मोठे चाक सावकाश फिरते, पण जाडजूड ऊस चिरडण्याइतका जोर त्यात येतो. गाडीचा पहिला गिअर म्हणजे हेच. गती कमी, जोर जास्त. वरच्या गिअरला जोर कमी आणि गती जास्त. गिअर बॉक्समध्ये अशा दातेरी चाकांच्या जोड्या दोन शाफ्टवर ओळीने बसवलेल्या असतात आणि पुढे जायच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. दांडा हलवला की दाते दात्यांत जातात असा समज आहे, तो बरोबर नाही. दांड्याने फक्त एका जोडीचे चाक शाफ्टशी जखडले जाते, बाकीची चाके शाफ्टवर मोकळी फिरत राहतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बेअरिंगे आणि खाली ऑइलचे डबके. बस.

हे जखडण्याआधी चाक आणि शाफ्ट यांचा वेग एक व्हावा लागतो. ते काम पितळी कडे करते. गॅरेजच्या भाषेत त्याला सिंक्रो रिंग म्हणतात. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत ही सोय पहिल्यांदा आली. त्याआधी प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबून वेग जुळवावा लागे. जुने ट्रक ड्रायव्हर अजूनही ‘डबल क्लच’ची आठवण काढतात, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या हातच्या गाड्यांचे गिअर बॉक्स जास्त टिकत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मागे जाताना येणारी कुईकुई हा बहुतेक गाड्यांत आजार नव्हे. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात, ते हळूच एकमेकांत सरकतात म्हणून आवाज करत नाहीत. रिव्हर्सचे दाते बऱ्याच गाड्यांत सरळ कापलेले असतात, म्हणून ते ओरडतात. त्यासाठी कुणी गिअर बॉक्स उतरवायला निघाला तर गाडी घेऊन सरळ घरी या.

उभ्या गाडीची परीक्षा

मोकळ्या, सपाट जागी गाडी उभी करा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा, इंजिन गरम होऊ द्या. एसी, पंखा, गाणी बंद आणि काचा खाली. क्लचवर पाय नसताना ऐका. मग क्लच सावकाश, पूर्ण दाबा आणि पुन्हा ऐका. नंतर हळूहळू सोडा. एवढे दोन-तीनदा करा.

पाय वर असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, असे असेल तर आवाज गिअर बॉक्सच्या आतला आहे. कारण सोपे आहे. क्लच मोकळा असताना गाडी न्यूट्रलला असली तरी इंजिन गिअर बॉक्सचा पहिला शाफ्ट फिरवतच असते. क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. त्याच्याबरोबर जे थांबले ते त्याच्यावर फिरणारे काहीतरी, बहुधा इनपुट शाफ्टचे बेअरिंग.

उलटे असेल, म्हणजे पाय वर असताना सारे शांत आणि क्लच दाबताच किरकिर किंवा शिट्टीसारखा आवाज सुरू, तर तो रिलीज बेअरिंगचा. हे बेअरिंग क्लच दाबल्यावरच कामाला लागते. ते बदलायला बहुतेक गाड्यांत गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. उतरवणे आणि खोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बिलात त्या निराळ्याच दिसल्या पाहिजेत. आमच्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

डिझेल गाड्यांत न्यूट्रलला थोडी खडखड असते आणि क्लच दाबला की ती जाते. ती नवीनपासून तेवढीच असेल तर काळजी नको. अलीकडे वाढली असेल तर क्लच प्लेटच्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील, किंवा काही गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असते, ते झिजले असेल. दोन्ही गोष्टी गिअर बॉक्सच्या बाहेरच्या.

वही घेऊन एक फेरी

आता गाडी रस्त्यावर काढायची. चालवणाऱ्याने लिहू नये. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि वही द्या. कोणता गिअर, काट्यावर किती, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला की सोडलेला, आवाज होता की नव्हता, एवढेच लिहायचे. पंधरा मिनिटांत जे पान तयार होते, ते मिस्त्रीपुढे ठेवले की बोलण्याचा सूरच बदलतो.

आवाज एकाच गिअरमध्ये असेल तर त्या जोडीचे दाते किंवा त्या चाकाखालचे बेअरिंग तपासायचे. सगळ्याच गिअरांत असेल तर शाफ्टची बेअरिंगे. बोलेरो, सुमो, जुनी अँबॅसिडर अशा मागची चाके ओढणाऱ्या गाड्यांची एक खूण फार उपयोगी पडते. त्यांच्यात एक गिअर थेट असतो, बहुधा चौथा. त्यात ताकद दात्यांमधून न जाता सरळ पुढे निघून जाते आणि खालच्या ले शाफ्टवर भार येत नाही. पहिल्या-दुसऱ्याला मोठी घरघर आणि चौथ्याला जवळजवळ शांतता असेल, तर ले शाफ्टच्या बेअरिंगांकडे पाहा. पुढची चाके ओढणाऱ्या लहान गाड्यांत असा थेट गिअर नसतो, म्हणून ही खूण तिथे लावू नये.

पुढची परीक्षा मोकळ्या, सपाट रस्त्यावरच करायची, घाटात कधीही नाही. ताशी पन्नासच्या वेगात क्षणभर गाडी न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर कमी-जास्त झाला, तर इंजिनकडच्या बाजूचा संबंध उरला नाही. मग चाकाचे बेअरिंग, टायर किंवा डिफरन्शिअल. आजूबाजूला वाहन नसेल तर स्टिअरिंग हलकेच उजवीकडे-डावीकडे करा. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळी गुरगुर वाढली तर डाव्या चाकाचे बेअरिंग. टायर उंच-सखल झिजले असतील तर तेही असेच घुमतात. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून पाहा. आवाज जागा बदलतो का ते कळते आणि खर्च फारसा येत नाही.

एक शिक्षिका भाभी असेच पान घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना गिअर बॉक्स बदलायला सांगितले होते, आकडाही सांगितला होता. त्यांच्या मुलीने सुंदर अक्षरात लिहिले होते : चाळीसच्या पुढे आवाज, गिअर कोणताही असो तोच आवाज, न्यूट्रललाही तोच, उजव्या वळणावर जास्त. पान वाचून आम्ही पुढचे डावे चाक जॅकवर उचलले. एका हाताने स्प्रिंग धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवले, तर स्प्रिंगमध्ये हाताला खरखर लागत होती. हबचे बेअरिंग बदलले. दुपारी गाडी घेऊन त्या शाळेच्या दुसऱ्या सत्राला गेल्या. गिअर बॉक्सला कुणी हातही लावला नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक येत असेल तर तो चाकाकडच्या अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेले दिसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना एकच ‘धप्’ असा धक्का बसतो, तो बऱ्याचदा इंजिनचे रबरी माउंटिंग तुटल्याचा.

राहिला गिअर टाकतानाचा खर्रर्र. हा फिरण्याचा आवाज नव्हे, जुळण्यातली कुरबुर. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्रर्र झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल, क्लचचे ऑइल किंवा प्लेट पाहायची. रिव्हर्स शांतपणे पडतो, पण चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसरा टाकतानाच किरकिरतो, तर त्या गिअरची पितळी रिंग झिजली आहे.

मिस्त्री लोक लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअर बॉक्सला लावून मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात. डॉक्टरांच्या नळीसारखेच ते काम करते. मात्र चालू इंजिनपाशी हे घरी करू नका. ओढणी, सैल बाही किंवा केस पट्ट्यात जायला क्षण लागत नाही. तसेच, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. आम्हीही स्टँड लावल्याशिवाय जात नाही.

पुराचे पाणी आणि गिअर ऑइल

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी सीटा वाळवल्या, इंजिनचे ऑइल बदलले, विमेवाल्यांशी भांडले. गिअर बॉक्स मात्र अनेकांच्या ध्यानातच आला नाही. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही हेच झाले असे तिकडचे कारागीर सांगतात.

गिअर बॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. चालून गरम झालेला गिअर बॉक्स पाण्यात गेला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ चहासारखे होते. पाण्यात राहिलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. त्या दिवशी काही कळत नाही. घरघर सहा महिन्यांनी, वर्षाने सुरू होते, आणि तोपर्यंत गाडी बहुधा दुसऱ्याच्या नावावर झालेली असते.

गाडी विकायच्या आधी आवाज दाबण्यासाठी गिअर बॉक्समध्ये वाजवीपेक्षा जाड ऑइल किंवा ग्रीस भरले जाते. जुन्या काळी लाकडाचा भुसाही घालत. थोडे दिवस गाडी गप्प राहते. मालातला ऐब लपवून विकणे कोणत्या सदरात मोडते, ते या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. घेणाऱ्याने मात्र पैसे देण्याआधी गिअर बॉक्सचे ऑइल थोडे काढून दाखवायला सांगावे. विकणारा नाही म्हणाला तर तेही उत्तरच समजावे.

ऑइल पाहायला बहुतेक गाड्यांत इंजिनसारखी पट्टी नसते. बाजूला एक प्लग असतो. गाडी सपाट उभी असताना तो काढला की ऑइल भोकाच्या काठाला लागलेले हवे. लहान गाड्यांत एकूण ऑइल दोन लिटरच्या आसपासच असते, म्हणून अर्धा लिटर गळले तरी फार झाले. आतल्या अंगाला चाकापाशी ओलसर काळे दिसले तर अ‍ॅक्सलचे सील गळते आहे. ते सील वेळेवर बदलले असते तर पुढची घरघर आलीच नसती, असे आम्हाला किती गाड्यांबाबत म्हणावे लागते!

ऑइल काढताना आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते पाहायचे, मगच खालचा उघडायचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालचे सगळे ऑइल आधीच सांडले असेल, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या प्लगला बऱ्याच गाड्यांत चुंबक असतो. त्यावर काजळासारखा करडा लेप असणे साहजिक आहे. टोचणारे तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर बेअरिंग किंवा दाते तुटत आहेत, गाडी पुढे चालवू नये. ऑइल उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजत आहेत. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते ऑइलमध्येच शोधावे लागते.

आणि भरायचे कोणते? ‘नव्वद नंबर’ हे उत्तर सगळीकडे मिळते. गाडीसोबत आलेले पुस्तक काढून पाहा. नव्या लहान गाड्यांना ७५ डब्ल्यू-८० किंवा ७५ डब्ल्यू-९० असे पातळ ऑइल लागते. जाड घातले तर थंडीच्या सकाळी गिअर घट्ट पडतात. पुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-५ ‘भारीतले’ म्हणून घालू नये. त्यातली गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना खाऊ शकतात. महाग ते चांगले, हा हिशेब इथे चुकतो.

परदेशातून फोनवर ‘गाडी रोज सुरू करत जा’ अशी सूचना येते. दोन मिनिटे सुरू करून बंद केलेल्या गाडीचा गिअर बॉक्स थंडच राहतो, आत साचलेली दमट हवा तशीच राहते आणि वरची चाके कोरडीच. कोकणच्या पावसाळ्यात चार महिने असे गेले की गंज ठरलेला. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, सगळे गिअर वापरा.

खोलावाच लागला तर

कधी कधी खोलावाच लागतो. आवाज गिअर बॉक्सचाच आहे असे ठरल्यावर ‘बघू, चालेल तोवर चालेल’ म्हणणे धोक्याचे. बेअरिंग सैल झाले की शाफ्ट तिरका होतो आणि चांगले दाते एकमेकांना खाऊ लागतात. कुंभार्ली घाटात चढावर गिअर बॉक्स अडकला तर मागून येणाऱ्या एसटीला ते आधी कळत नाही.

लहान गाडीचा गिअर बॉक्स उतरवायला आणि चढवायला जवळपास दिवस जातो. मजुरी त्याचीच असते, म्हणून तो खाली आला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सगळी सीले पाहून घ्यावीत. थोडी झिजलेली प्लेट वाचवून सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी देणे परवडत नाही. एका शाफ्टचे एक बेअरिंग गेले असेल तर त्याच शाफ्टचे दुसरेही बदलावे, असे आमचे मत. त्याने तेच घाण ऑइल प्यायलेले असते.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो स्वतः वाचा. समजा ६२०५ आहे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा, पंचवीस आले. म्हणजे आतले भोक २५ मिलिमीटर. पुढे सी३ लिहिले असेल तर आत थोडी जास्त मोकळीक ठेवलेली आहे, गरम होऊन फुगणाऱ्या जागेसाठी. तिथे साधे बेअरिंग घातले तर ते घट्ट होऊन लवकर जाते. नंबर तोच असला तरी बाजारात नकली माल भरपूर आहे. खोक्यावर नुसते नाव पाहू नका, पक्के बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

बसवण्यात खरी कारागिरी आहे. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावर द्यायचा, घरात बसवताना बाहेरच्या. उलटे ठोकले की तो मार गोळ्यांवर जातो आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणते. आम्ही बेअरिंग ऑइलमध्ये ऐंशी ते शंभर अंशांपर्यंत गरम करतो, मग ते शाफ्टवर हाताने सरकते. तिरप्या रोलरची बेअरिंगे असतील तर खाली पातळ चकत्या, म्हणजे शिम, मोजून घालाव्या लागतात. जुन्याच शिम डोळे मिटून परत घालणारा मिस्त्री आवाज दुरुस्त करत नाही, पुढे ढकलतो. पितळी रिंग शंकूवर दाबून मधली फट मोजपट्टीने पाहायची. बऱ्याच लहान गाड्यांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की रिंग संपली.

केसिंगला तडा गेला असेल किंवा दाते आणि शाफ्ट दोन्ही खराब झाले असतील, तरच दुसरा गिअर बॉक्स घेण्याचा विचार करावा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातला जुना गिअर बॉक्स स्वस्त दिसतो, पण तो कोणत्या गाडीतून आणि का निघाला हे विकणाराही सांगू शकत नाही. घ्यायचाच असेल तर ऑइल काढून पाहा, हाताने शाफ्ट फिरवून खरखर आणि डुगडुग तपासा, आणि गाडीत चढवण्याआधी सीले नवी घाला.

काम झाल्यावर काढलेले सगळे जुने भाग पिशवीत घालून परत मागा. बेअरिंग धुऊन, कोरडे करून बोटावर फिरवले की गेलेले आणि चांगले यांतला फरक लहान मुलालाही कळतो. बिलावर ऑइलचा नंबर लिहून घ्या. गॅरेजमधून निघताना मिस्त्रीला शेजारी बसवून तीच वहीतली फेरी पुन्हा मारा, त्याच गिअरांत, त्याच वेगाला. हजारेक किलोमीटर झाल्यावर ऑइल एकदा काढून चुंबक पाहा. नव्या भागांची थोडी भुकटी असतेच. ती पुसून नवे ऑइल भरले की गाडी नेहमीच्या कामाला लावायला हरकत नाही.